क्वेरी पॅकेजचा रिव्ह्यू: पत्राचे पैसे वसूल, यादीचे पाण्यात

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या पुस्तकाचा नाही, तुमचं पुस्तक लिटररी एजंटपर्यंत पोचवून देतो म्हणणाऱ्या सर्व्हिसचा आहे. पुण्याकडची मंडळी आहेत, सगळं काम ऑनलाइन. नाव टाकत नाही, एकतर मला भांडण नकोय आणि दुसरं म्हणजे असलं पॅकेज विकणारे आता बरेच झालेत, पद्धत सगळ्यांची थोड्याफार फरकाने तीच. २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या अमळनेरला ९७वं साहित्य संमेलन झालं ना, प्रताप कॉलेजच्या आवारात, तेव्हापासून गावात ज्याच्या त्याच्या कपाटात एक बाड तयार आहे आणि ज्याच्या त्याच्या मोबाइलवर या जाहिराती येताहेत. "तुमचं पुस्तक जगात पोचवा" वगैरे. त्यामुळे म्हणलं लिहूनच टाकावं, निदान पैसे भरायच्या आधी कोणीतरी वाचेल.

माझं थोडक्यात. ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवते, कादंबरी इंग्रजीतच लिहिली, चोपड्याकडच्या एका केळीवाल्या घराची गोष्ट आहे. मराठी सोडून इंग्रजीत का, यावर घरचे, दारचे, स्टाफरूमवाले सगळ्यांचं ऐकून झालंय, तेव्हा तुम्ही नका विचारू.

आता एजंट म्हणजे काय हे आपल्याकडे समजावून सांगणं हेच एक काम आहे. माझे मामा तापीकाठी केळी लावतात, त्यांना सांगायला गेले तर म्हणे, "पुस्तक इकाले बी दलाल लागस का वं माय?" म्हणलं मामा, लागतो, बाहेरच्या मोठ्या प्रकाशकांकडे बऱ्याचदा त्याच्याशिवाय दारच उघडत नाही. "मंग आडत कितली?" म्हणलं पंधरा टक्के, आणि परदेशात किंवा दुसऱ्या भाषेत हक्क विकले तर बहुतेक वीस. मामा जरा गप्प झाले, मग नेमका प्रश्न विचारला, "आनि माल नई इकायना तं?" तर काहीच नाही, शून्य. "मंग ठीक शे."

बस, एजंटचा सगळा धंदा मामांच्या या हिशेबात बसतो. माल विकला तर आडत कापायची, नाही विकला तर एजंटचा स्वतःचा वेळ गेला. गाडी मार्केटात उतरायच्या आधीच आडत मागणारा आडत्या तुम्ही कधी बघितलाय का? अमेरिकेत एजंटांची संघटना आहे, असोसिएशन ऑफ अमेरिकन लिटररी एजंट्स, तिच्या नियमात सदस्यांना वाचनाची फी घ्यायला मनाई आहे. आपल्याकडे तसं बंधन नाही, काही एजन्सी उघडपणे फी लावतात, ती द्यायची का नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, मी नाही देत.

हे पॅकेजवाले मात्र एजंट नाहीत, हे डोक्यात पक्कं ठेवा. ते एजंटला पाठवायचं सामान तयार करून देतात. म्हणजे त्यांनी आधी पैसे घेणं यात गैर काही नाही, एडिटर काम करतो, त्याचे पैसे घेतो. प्रश्न एवढाच की त्यातलं किती काम आहे आणि किती नुसतं दाखवायचं.

तीन पॅकेज होते. साधं ५,००० चं, त्यात क्वेरी लेटर (म्हणजे माझं पुस्तक घ्या असं एजंटला पाठवायचं पत्र), सारांश आणि पहिली दहा पानं तपासून मिळणार. मधलं ७,५०० चं, त्यात वरून एजंटांची "खास तयार केलेली" यादी. आणि सगळ्यात वरचं ३५,००० चं, त्यात ते स्वतः तुमच्या वतीने एजंटांना मेल पाठवणार, "रिस्पॉन्सची गॅरंटी". मी मधलं घेतलं.

पत्राचं काम आधी सांगते कारण ते खरंच भारी झालं. ज्या एडिटर मॅडमकडे माझं काम दिलं त्या वयाने माझ्यापेक्षा लहानच असाव्यात पण कामाला एकदम चोख, मला ताई ताई म्हणत एकेक ओळ खोडत गेल्या. माझं आधीचं पत्र सुरू व्हायचं ते असं की मी अमळनेरची, जिथे साने गुरुजींनी शिकवलं त्या गावची, लहानपणापासून वाचनाची आवड, आणि ही कादंबरी म्हणजे ग्रामीण वास्तवाचं नातेसंबंधांच्या अंगाने केलेलं चित्रण. मॅडमनी सगळा पॅरा पिवळा केला आणि बाजूला लिहिलं, "हे शेवटी, दोन ओळीत." फोनवर पहिला प्रश्न विचारला, "ताई, तुमच्या गोष्टीत वादळ कितव्या पानावर येतं?" म्हणलं एकशेवीसच्या आसपास. "आणि पत्रात?" पत्रात येतच नव्हतं. मग त्यांनी मला बोलतं केलं, कोणाला काय पाहिजे, आडवं काय येतं, नाही मिळालं तर काय जाईल, अगदी पोलिसी चौकशी केल्यासारखं, आणि शेवटी पत्राची सुरुवात जी झाली ती मराठीत सांगायची तर अशी: थोरलीच्या लग्नाला आठ दिवस असताना जूनच्या वादळात घरची सगळी केळी आडवी होते, विम्याच्या कागदावर सही करायला बाप घरात नाही आणि तो कुठे आहे हे कोणाला माहीत नाही, तेव्हा थोरली बापाची सही स्वतः करते.

त्याखाली त्या सहीमुळे पुढे काय काय गळ्यात येतं त्याच्या चार ओळी, मग शब्दसंख्या, प्रकार, ही कादंबरी कोणत्या दोन अलीकडच्या पुस्तकांच्या वाचकाला आवडेल ते, आणि माझ्याबद्दल दोन ओळी. संपलं. सगळं मिळून एक पान, साडेतीनशे शब्दांच्या आत. मला आधी वाटलं कादंबरीतलं सगळं बारीकसारीक गेलं, जिजीचं पात्र गेलं, गुजर आणि पाटील घरांतलं राजकारण गेलं, पण मॅडम म्हणल्या ताई, एजंटकडे रोज ढिगाने मेल येतात, त्याला पत्रातून कादंबरी समजायची गरज नाही, त्याला पुढची पानं उघडावीशी वाटली पाहिजे. पटलं.

अलीकडच्या पुस्तकांचं पण सांगते. सेल्सवाल्या पोराने मला आधी सांगितलं होतं की जगातल्या दोन सगळ्यात गाजलेल्या कादंबऱ्यांची नावं टाका, वजन पडतं. मॅडमनी ती दोन्ही काढली. गेल्या तीनचार वर्षांतली पुस्तकं पाहिजेत, फार अवाढव्य गाजलेली नकोत, आणि तुम्ही स्वतः वाचलेली पाहिजेत, कारण एजंट त्यावरून दोनच गोष्टी बघतो, बाजारात हे पुस्तक कुठल्या फळीवर बसेल आणि लिहिणारा आजचं काही वाचतो का नाही. एकाच ऑफिसात दोन टोकाचे सल्ले, यावरून समजून घ्या की विकणारा वेगळा आणि काम करणारा वेगळा.

सारांशाला मी जरा भांडले. एका पानात अख्खी कादंबरी, शेवटासकट. शेवट का सांगायचा बाबा, वाचून बघा की. तर नाही, सारांश हा ब्लर्ब, म्हणजे पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरचा मजकूर, नाही, त्यात उत्सुकता ताणून ठेवायची नसते, एजंटला बघायचं असतं की गोष्ट शेवटपर्यंत उभी राहते का मध्येच बसते. खरं सांगू, तो सारांश लिहिताना मलाच दिसलं की दुसऱ्या भागात थोरलीचा दीर नुसता येतो आणि जातो, काही करतच नाही. त्याला काढला. पाच हजारातलं हे खरं काम, पुस्तकच सुधारलं.

आणि शब्दसंख्या. माझी दीड लाखाच्या जवळ गेली होती. पहिल्या कादंबरीला ऐंशी हजार ते एक लाख शब्द हा बरा पट्टा धरतात असं मॅडमनी सांगितलं, त्यापुढे गेलं की कागद वाढतो, किंमत वाढते आणि नवीन नावावर एवढी जोखीम कोणी घेत नाही. कापताना जीव गेला पण कापलं.

आता यादी. २,५०० रुपये जास्तीचे दिले त्या यादीबद्दल काय सांगू. एक्सेल शीट आली, भरगच्च, रंगीत. उघडून एकेका नावाची वेबसाइट बघायला लागले तर कोणी फक्त लहान मुलांची चित्रपुस्तकं घेतं, कोणी फक्त नॉनफिक्शन, कोणाच्या साइटवर मोठ्या अक्षरात लिहिलंय की सध्या नवीन काही घेत नाही, एक बाई तर एजंटचं काम सोडून एडिटर झाल्यात. माझ्या कादंबरीशी त्या यादीचा संबंध एवढाच की वर माझं नाव टाकलं होतं. विचारलं तर "मॅम डेटाबेस अपडेट होत असतो." कधी होतो?

हीच यादी तुम्ही घरी बसून फुकट आणि चांगली बनवू शकता. क्वेरीट्रॅकर नावाची साइट आहे, साधं खातं फुकट, त्यात एजंट कोणत्या प्रकारची पुस्तकं घेतो ते दिसतं आणि त्याच्याकडून किती दिवसात उत्तर आलं हे बाकीचे लिहिणारे टाकत असतात. मॅन्युस्क्रिप्ट विश लिस्टवर एजंट स्वतः सांगतात त्यांना काय वाचायला पाहिजे. समोरचा खरा का भामटा हे बघायला रायटर बिवेअर नावाची साइट आहे. अडचण एवढीच की यातलं बहुतेक अमेरिकेचं आणि इंग्लंडचं. भारतातले एजंट तसे हाताच्या बोटावर, जयपूरची सियाही, दिल्लीच्या कनिष्क गुप्तांची रायटर्स साइड, अनुज बाहरींची रेड इंक, हेमाली सोढींची अ सूटेबल एजन्सी, अशी नावं सगळ्यांना माहीत आहेत, प्रत्येकाच्या साइटवर काय पाठवायचं आणि कसं ते लिहिलेलं असतं, ते नीट वाचा आणि तस्संच पाठवा. कोणी पहिली दहा पानं मागतं, कोणी तीन प्रकरणं, कोणी म्हणतं अटॅचमेंट नको मेलमध्येच पेस्ट करा. अजून एक युक्ती, तुमच्यासारखं एखादं पुस्तक घ्या आणि मागचं आभाराचं पान वाचा, लेखक एजंटचे आभार हमखास मानतो, नाव तिथेच मिळतं. यात पंचवीसशे रुपये कुठे लागले?

एजंट एवढे कमी का, हा प्रश्न मलाही पडायचा. साधा हिशेब करून बघा. पुस्तकाची किंमत ३९९ धरा, पेपरबॅकवर नवीन लेखकाची रॉयल्टी साडेसात टक्के धरा, म्हणजे एका प्रतीमागे लेखकाला ३० रुपये, त्यातले पंधरा टक्के एजंटला म्हणजे साडेचार रुपये. तीन हजार प्रती खपल्या असं धरलं तर लेखकाचे नव्वद हजार आणि एजंटचे साडेतेरा हजार, आणि त्यासाठी बिचाऱ्याने वर्ष दीड वर्ष मेलामेली केलेली. म्हणून तो शंभरातून एखादंच घेतो आणि म्हणूनच त्याचं उत्तर यायला दोन तीन महिने सहज जातात, कित्येकदा येतच नाही, आणि न येणं हेच नकार समजायचं असं साइटवर लिहिलेलं असतं. यात वैयक्तिक काही नसतं. आपल्याला वाटतं मात्र.

वरचं पॅकेज, ३५,००० वालं, ते का घेऊ नका तेही सांगते. मला बरेच फोन आले त्यासाठी, "मॅम तुमची कादंबरी खूप पोटेन्शियलवाली आहे" (कादंबरी वाचलेली फक्त एडिटर मॅडमनी, आणि तीही दहा पानं). विचारलं मेल कोणाच्या नावाने जाणार? आमच्या आयडीवरून. एकेकाला का एकदम? एकदमच, बॅचमध्ये. म्हणजे एजंटच्या इनबॉक्समध्ये कुठल्यातरी मार्केटिंग आयडीवरून ढकललेलं पत्र. एजंटला लेखकाशी बोलायचं असतं, पुढची काही वर्षं त्याला तुमच्याबरोबर काढायची असतात, मध्ये तिसरा कशाला? आणि रिस्पॉन्सची गॅरंटी म्हणजे काय तर ऑटोरिप्लाय आला तरी रिस्पॉन्सच. वर करारात बारीक अक्षरात असं होतं की त्या एजंटमार्फत पुढे जो अ‍ॅडव्हान्स मिळेल त्यावर यांचे पाच टक्के. मी म्हणलं कशाचे? तर "फॅसिलिटेशन." फोन ठेवला.

मग काही महिन्यांनी त्यांचाच फोन, एजंट मिळाला का मॅम, नसेल तर आमच्याकडे पब्लिशिंग पॅकेज पण आहे, आयएसबीएन सहित. हा खरा धंदा. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तो आपल्या देशात सरकारी एजन्सीकडून, राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी, फुकट मिळतो, स्वतः लेखकही अर्ज करू शकतो, त्याचे कोणी पैसे लावत असेल तर बाकीच्या बिलात काय असेल ते बघाच.

आता आपल्या मराठीत लिहिणाऱ्या लोकांसाठी, कारण मला सगळ्यात जास्त तेच विचारतात. तुमचं बाड मराठीत असेल तर हे पॅकेज अजिबात घेऊ नका, साधंसुद्धा नाही. मराठीत एजंट ही पद्धतच नाही. प्रकाशकाला थेट पाठवायचं, त्याआधी दिवाळी अंकात दोनचार कथा आल्या असतील तर पत्रात तेवढं सांगायचं, आणि वाट बघायची. बाकी आपल्या खानदेशात एजंटगिरीचा सगळ्यात मोठा नमुना घरातलाच आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, गाणी उतरवून ठेवली गेली ती वही सोपानदेवांनी अत्र्यांपुढे ठेवली, आणि १९५२ ला, बाई गेल्यानंतरच्या वर्षी, पुस्तक आलं. कमिशन नाही काही नाही. पण प्रत्येकाच्या घरी सोपानदेव नसतात आणि प्रत्येकाला अत्रे भेटत नाहीत, म्हणून तर हे सगळं.

मात्र मराठीतलं छापून आलेलं पुस्तक इंग्रजीत जावं असं वाटत असेल तर एजंटचा विचार करायला आता हरकत नाही. २०२२ ला गीतांजली श्री आणि २०२५ ला बानू मुश्ताक यांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, दोन्ही पुस्तकं मुळात इंग्रजी नाहीत, एक हिंदी एक कन्नड, त्यामुळे भारतीय भाषांतलं वाचायला लोक तयार आहेत. त्यासाठी दहा वीस पानांचं चांगलं इंग्रजी भाषांतर आणि तेच एक पानी पत्र लागतं. पण त्याआधी तुमचा मराठी प्रकाशकाबरोबरचा करार काढा आणि भाषांतराचे हक्क कोणाकडे आहेत ते बघा. बऱ्याच जणांनी सगळे हक्क एका सहीत देऊन टाकलेले असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचून ठेवा, हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच लागतात, करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरतं. आमच्याकडे एका ओळखीच्या सरांचा करार असाच निघाला, मुदतच लिहिलेली नाही, पाच वर्षं कधीच उलटून गेलेली, त्यांना वाटत होतं पुस्तक कायमचं गेलं.

माझं पुढे काय झालं, तर नव्या पत्रावर एका एजंटने पूर्ण कादंबरी मागवली, वाचली, आणि नाही म्हणाली, पण कारणासकट, की शेवटचा भाग घाईत उरकलाय. जुन्या पत्राला नुसतं "आमच्या यादीत बसत नाही" एवढंच यायचं, तेही आलं तर. आता शेवटावर काम चालू आहे, ते झालं की दुसऱ्यांना पाठवणार, एका वेळी चारपाच जणांनाच, म्हणजे कोणी काही सुचवलं तर पुढच्यांना सुधारलेलं जाईल.

तर पाचपैकी तीन स्टार, आणि ते तिन्ही एडिटर मॅडमचे. यादीला शून्य, सेल्सला त्याहून खाली असेल तर ते. जीएसटीचं बिल मागितल्याशिवाय आलं नाही, मागितल्यावर आलं. तुम्ही घेणार असाल तर ५,००० चंच घ्या, एडिटर कोण आणि त्यांनी आधी कुठली पुस्तकं केलीत ते आधी विचारा, दुरुस्तीच्या किती फेऱ्या मिळणार ते मेलवर लिहून घ्या (मला दोन मिळाल्या, तिसरीचे वेगळे मागत होते), आणि पूर्ण कादंबरी पाठवू नका, दहा पानांच्या कामाला दहाच पानं लागतात. फोन दुपारी चारनंतर करा, सकाळी फक्त सेल्सवाला उचलतो.